क्रूझवर आपलं पेय न्यायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

‘बाहेरचे खाद्यपदार्थ व पेये आणण्यास मनाई आहे.’ क्रूझच्या तिकिटासोबत आलेल्या कागदांत ही ओळ दिसली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जाऊ द्या, काहीच नको न्यायला. दुसरा म्हणतो, कपड्यांच्या घडीत दडवू, कोण बघतंय. पहिल्याच्या घरातली म्हातारी माणसं मनासारख्या चहाविना दिवस काढतात आणि दुसऱ्याची बाटली स्कॅनरवरच राहते. आमच्या नात्यागोत्यात दोन्ही प्रकार बघून झालेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पेयांच्या नियमात लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त जागा असते. ती कुठे आहे हे माहीत असलं की लपवाछपवी करावी लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पहिल्यांदाच निघालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लावला आहे.

१. बुकिंगच्या आधी त्या कंपनीचा पेयांचा नियम वाचा

सगळ्या जहाजांचा नियम एक नाही. शेजारचे काका सिंगापूरहून वाइन घेऊन चढले म्हणून तुम्हाला मुंबईहून चढता येईल, असं नाही.

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजावर बाहेरची दारू चालत नाही, आणि बाहेरच्या खाण्यापिण्यालाही मनाई आहे. एमएससीचं धोरणही असंच कडक. रॉयल कॅरिबियनवर पिण्याच्या कायदेशीर वयाच्या प्रत्येक प्रवाशाला वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलीची एक बाटली नेता येते. ती चढायच्या दिवशी आणि हातातल्या बॅगेतच हवी. व्हिस्की, रम, बीअर अजिबात नाही. कार्निव्हलवर वाइनचा नियम जवळपास तोच आहे. शिवाय माणशी १२ कॅन किंवा कार्टन, प्रत्येकी ३५५ मिलीपर्यंत, बिनदारूचं पेय नेता येतं. मात्र ते कॅन किंवा कार्टनमध्येच हवं. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली तिथे चालत नाही. नॉर्वेजियनवर वाइन चालते, पण बाटलीमागे कॉर्केज भरावं लागतं, आणि पाणी-कोल्ड्रिंक न्यायला मनाई आहे. यांत सगळ्यात मोकळा हात डिस्नेचा: प्रौढामागे वाइनच्या दोन बाटल्या किंवा सहा बीअर.

कॉर्केज म्हणजे तुमचीच बाटली जहाजाच्या रेस्टॉरंटमध्ये उघडून ग्लासात ओतून देण्याचं शुल्क. काही कंपन्या खोलीत बसून प्यायलात तर ते घेत नाहीत. नाशिकची एखादी चांगली वाइन लग्नाच्या वाढदिवसाला सोबत न्यायची असेल, तर आधी हा हिशेब करा.

इथला मोठा सापळा म्हणजे एजंटचं तोंडी ‘चालतं हो, सगळेच नेतात’. एजंट बंदरावर तुमच्यासोबत नसतो. जे न्यायचं आहे त्याची नावं लिहून कंपनीला सरळ ईमेल करा आणि आलेल्या उत्तराची प्रिंट काढून घ्या. सिक्युरिटीच्या टेबलावर तो कागद फार उपयोगी पडतो. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

२. द्रव नका नेऊ, कोरडं न्या

सगळ्यात जास्त उपयोगाचा टप्पा हाच. पेयांचे नियम द्रवावर असतात. जहाजावर गरम पाणी, गार पाणी, साखर, लिंबाच्या फोडी आणि दही बुफेत मिळतं. मग घरून फक्त चव न्यायची.

चहापासून सुरू करू. आमच्या मोठ्या आईंचं पहिलं वाक्य हेच होतं, ‘माले घरनाच चहा लागस.’ जहाजावरचा चहा म्हणजे मशीनचं गरम पाणी, त्यात टी-बॅग आणि वरून दुधाची लहान कुपी. उकळून उकळून केलेल्या, आलं घातलेल्या चहाची सवय असलेल्या माणसाला तो पांचट लागतो. यावर उपाय म्हणजे दूध-साखर-मसाला घातलेली इन्स्टंट चहाची पाकिटं, आपण रेल्वेत वापरतो तीच. एका पाकिटाला कपभर पाणी सांगितलेलं असतं. पाऊण कप घ्या आणि वरून चिमूटभर सुंठ घाला. गवती चहाची पाती वाळवून नेली तर टी-बॅगसोबत दोन-तीन मिनिटं कपात झाकून ठेवायची.

ताक जहाजावर करता येतं, हे बहुतेकांना सुचत नाही. भारतीय जेवण असलेल्या बुफेत दह्याची वाटी असतेच. ग्लासात चार चमचे दही, त्यात थोडं गार पाणी घालून काट्याने गोलगोल घुसळा, गुठळ्या मोडल्या की उरलेलं पाणी घाला. वरून घरून नेलेली भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ. एवढ्यासाठी काडेपेटीएवढी डबी पुरते. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडच्या उन्हातून निघून डेकवर दिवसभर बसणाऱ्यांना याची खरंच गरज पडते.

लिंबू-पाण्यासाठीही हीच पूड. बोट लागणाऱ्यांसाठी सुंठ किंवा आलेपाक ठेवा. ओआरएसची पाकिटं तर हवीतच. कोकमाचं आगळ द्रवात मोजलं जातं, त्यापेक्षा वाळलेली आमसुलं बरी. पाच-सहा आमसुलं पाण्यात तासभर भिजवली की सरबत होतं.

कोरड्या वस्तूही शक्यतो कारखान्यात पॅक झालेल्या, सील न फोडलेल्या घ्या. तशी पाकिटं बहुतेक कंपन्यांना चालतात. मुंबईच्या जहाजासाठी मात्र आधी लेखी विचारा. घरची पूड न्यायचीच असेल तर थोडी न्या, पारदर्शक डबीत भरा आणि वर इंग्रजीत नाव चिकटवा. नाव नसलेली पांढरी पूड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेली की प्रश्न विचारले जाणारच.

या टप्प्यातले तीन धोके सावकाश वाचा.

ठंडाईची पूड: तिच्यात खसखस असते. दुबई-अबुधाबीच्या क्रूझसाठी विमानाने जात असाल तर खसखस अजिबात नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ती अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि लोक तुरुंगात गेले आहेत. सिंगापूरमध्येही खसखशीवर कडक नियंत्रण आहे. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घालत असाल, तर तो मसालाही घरीच ठेवा.

आसवं-अरिष्टं: द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट ही औषधं आपल्याकडे बऱ्याच घरांत रोज घेतली जातात. ती आंबवून केलेली असतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, आणि ते बाटलीवर छापलेलंही असतं. ती मूळ बाटलीत, वैद्यांच्या चिठ्ठीसह, लागेल तेवढीच न्या. दुसऱ्या बाटलीत ओतून नेलं की ते औषध आहे हे सिद्ध करणं अवघड जातं. गोळीच्या रूपात पर्याय आहे का, हे वैद्यांना विचारलेलं उत्तम.

इलेक्ट्रिक केटल: हिच्यावर सगळ्यात जास्त लोकांचा चहा अडतो. केटल, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तू आगीच्या भीतीने जहाजावर बंद आहेत. समुद्रात आग लागली तर बाहेरून बंब येत नाही, म्हणून यात कुणालाच सवलत नसते. केटल काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. त्यापेक्षा चांगला स्टीलचा थर्मास न्या आणि बुफेतल्या गरम पाण्याने भरून घ्या. काही जहाजांवर खोलीतच केटल असते किंवा मागितल्यावर मिळते, तेही त्या ईमेलमध्येच विचारून टाका.

३. लपवून नेण्याचा विचार

याबद्दल स्पष्टच लिहितो, कारण मित्रांचा घोळका निघाला की हा विषय निघतोच. माउथवॉशच्या बाटलीत, शाम्पूच्या बाटलीत, पाण्याच्या बाटलीत, खास मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पाऊचमध्ये दारू भरायची, ही सगळी कल्पकता बंदरावरच्या लोकांनी आधीच पाहिलेली आहे. प्रत्येक बॅग एक्स-रेतून जाते आणि द्रव पडद्यावर वेगळा दिसतो. शंका आली की तुमची मोठी बॅग खोलीशी पोहोचत नाही. तुम्हाला सिक्युरिटीच्या खोलीत बोलावतात आणि घरच्यांसमोर बॅग उघडायला लावतात. उघडपणे दाखवलेली बाटली बऱ्याचदा जपून ठेवून शेवटी परत देतात. दुसऱ्या बाटलीत भरलेली ओतून टाकतात. प्रवास नाकारण्याचा अधिकारही कंपनीकडे असतो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती मुलांची. चार कुटुंबं, दोन खोल्या, टेबलावर सारख्या दिसणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, आणि त्यातल्या एकीत वोडका. डेकवरून तहानलेला पोरगा येऊन पहिली हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. एवढ्या एका कारणासाठी तरी हे करू नका.

नंदुरबार, धडगावकडच्या मंडळींसाठी: मोहाची कितीही शुद्ध, घरची आणि मानाची असली तरी लेबल नसलेली बाटली कोणत्याच बंदरातून पुढे जात नाही.

४. घरून मुंबईपर्यंत: गाडी कोणत्या मार्गाने जाते ते बघा

फक्त आपल्याकडच्यांना लागू पडणारी गोष्ट आहे ही. भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून मनमाड-नाशिकमार्गे मुंबईला गेलात तर सगळा प्रवास महाराष्ट्रात होतो. पण अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून सुरतमार्गे जाणारी गाडी, उदाहरणार्थ खान्देश एक्स्प्रेस, गुजरातेतून जाते. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाटली जवळ असणं हाच तिथे गुन्हा. क्रूझ कंपनीने परवानगी दिलेली, सीलबंद, बिल असलेली वाइनही तिथे तुम्हाला वाचवत नाही. वाइन न्यायची असेल तर सुरतमार्गे जाऊ नका, किंवा बाटली मुंबईत पोहोचल्यावर घ्या.

महाराष्ट्रातही बीअर-वाइनसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. दारू बाळगायला परवाना लागतो. बिल आणि परवाना बाटलीसोबतच ठेवा.

पुढे विमान असेल तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. बाटली चेक-इन बॅगेत टाका, आणि बंदरावर पोहोचल्यावर हातातल्या बॅगेत काढून घ्या. ही अदलाबदल विसरू नका, कारण विमानाचा नियम आणि जहाजाचा नियम बरोबर उलटे आहेत.

५. बॅग भरताना

पेयांचं सगळं सामान एकाच पिशवीत आणि ती पिशवी हातातल्या बॅगेत सगळ्यात वर. मोठी बॅग टर्मिनलवरच टॅग लावून देऊन टाकावी लागते आणि खोलीशी यायला संध्याकाळ होऊ शकते. तोवर बाळाचं दूध किंवा औषध तुमच्याजवळच हवं.

हे सोबत असू द्या:

- ओळखपत्र (देशांतर्गत क्रूझला आधार किंवा कंपनीने सांगितलेलं दुसरं, परदेशी क्रूझला पासपोर्ट आणि व्हिसा) व वेब चेक-इनचा बोर्डिंग पास
- पेयांबद्दल कंपनीने पाठवलेल्या उत्तराची प्रिंट
- औषधांची चिठ्ठी, शक्यतो इंग्रजीत
- बाळाच्या दुधाच्या पावडरचा सीलबंद डबा
- वाइन असेल तर बिल आणि परवाना
- रिकामी स्टीलची बाटली आणि रिकामा थर्मास, माणशी एक
- सुंठ, जिरेपूड, काळं मीठ, आमसुलं, ओआरएस, चहाची पाकिटं

बाळाचं अन्न आणि वैद्यकीय गरजेचं पेय सहसा मनाईतून वगळलेलं असतं. पण ते पहिल्यांदा बंदरावर सांगून चालत नाही, बुकिंग करतानाच नोंदवायचं असतं. मधुमेहींनी आणि किडनीच्या रुग्णांनी हे जरूर करावं.

६. बंदरावर

मुंबईत जहाजाची बोर्डिंग बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर होते. सीएसएमटीला उतरलात तर टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी पोहोचणं आपल्याकडच्यांना सोयीचं पडतं.

स्कॅनरच्या आधी रिकाम्या बाटल्या खरंच रिकाम्या करा. गाडीत भरलेलं पाणी तळाशी राहिलेलं असतं आणि त्यावरून रांग अडते. पेयांची पिशवी स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा आणि सांगा, ‘यात औषध आहे, यात बाळाचं दूध आहे.’ विचारायच्या आधी सांगितलेल्या माणसाची तपासणी लवकर उरकते. काही काढून ठेवलंच तर वाद घालू नका, पावती मागा. पावतीवर वस्तूचं नाव आणि खोलीचा नंबर आहे का ते तिथेच उभं राहून वाचा.

७. जहाजावर

पाणी विकत घेत बसू नका. जहाजावर समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून पिण्याचं पाणी तयार करतात आणि ते पिण्यायोग्य असतं. चव जरा सपक लागते, कारण त्यात आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार नसतात. बुफेच्या नळाला बाटलीचं तोंड लावून भरू नका. आधी ग्लासात घ्या, मग बाटलीत ओता. उष्टं तोंड नळाला लागून पोटाचे आजार जहाजभर पसरतात, म्हणून तिथले कर्मचारी हे बारकाईने बघतात.

पेयांचं पॅकेज घ्यावं की सुटं प्यावं, याचा हिशेब घरीच करा. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. नवरा पितो, बायको चहासुद्धा जपून घेते, आणि पैसे दोघांचे. अशा वेळी सुटं पिणं स्वस्त पडतं. सुट्या पेयावर सेवाशुल्क वेगळं लागतं, तेही धरा. सरबत-कोल्ड्रिंकचं पॅकेज वेगळं असतं. मुलं असतील तर त्याची चौकशी करा. खोलीचं कार्ड हेच तिथलं पाकीट असल्याने मुलांनी मागवलेल्या प्रत्येक कॅनची नोंद तुमच्या खात्यावर होते. रोज रात्री रिसेप्शनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर खातं बघून घ्या. खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू फुकट असतात, असं गृहीत धरू नका.

८. मधली बंदरं

गोव्यात दारू स्वस्त म्हणून मंडळी बाटल्या घेऊन परत चढतात. जहाज त्या आत सोडत नाही. ठेवून घेतल्याच, तर शेवटच्या दिवशी हातात पडतात आणि तुम्ही उतरता मुंबईत. त्या बाटल्यांवर फक्त गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं. परवान्याशिवाय महाराष्ट्रात त्या बाळगणं हा उत्पादन शुल्क खात्याच्या दृष्टीने गुन्हा आहे. गोव्यातली प्यायची ती गोव्यातच, तीही जहाज सुटायच्या वेळेचं भान ठेवून.

लक्षद्वीपात बंगाराम बेटाचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे. जहाजावरून बेटावर उतरताना कोणतीही बाटली सोबत घेऊ नका. तिथे शहाळं मिळतं, तेच प्या.

कोणत्याही बंदरावर उतरताना बुफेतलं फळ, दूध, दही पिशवीत टाकू नका. शेती आणि जनावरांच्या रोगांच्या भीतीने बरेच देश ते अडवतात आणि दंडही करतात.

९. उतरताना

जहाजाच्या दुकानातून घेतलेली करमुक्त बाटली लगेच हातात मिळत नाही, शेवटच्या रात्री किंवा सकाळी देतात. परदेशातून भारतात परतताना प्रौढामागे २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. त्यावरच्यावर शुल्क भरावं लागतं. मुंबई-गोवा-मुंबई अशा देशातल्या फेरीला ही सवलत लागू नाही.

काढून ठेवलेली केटल किंवा बाटली परत घ्यायची जागा आदल्या रात्रीच विचारून ठेवा. उतरायच्या सकाळी तिथे मोठी रांग असते, आणि दुपारची गाडी धरायची असेल तर ती रांग महागात पडते. पावती, ओळखपत्र आणि खोलीचं कार्ड तिन्ही लागतं, म्हणून कार्ड कचऱ्यात टाकू नका. एकदा टर्मिनलच्या बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत.

आणि परदेशातून आणलेली बाटली सोबत असेल, तर परतीचं तिकीट मनमाडमार्गेच काढा.